पाटी आणि भाकरी : घर नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसला?

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही. मराठी माणसाच्या इतिहासातील एखादे पान वाचकांपुढे उघडावे, एवढीच सूचना केली. गडकोटांवर, पेशवाईवर, नाट्यसंगीतावर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यात आहेत. यास्तव मी एक साधे पान निवडले आहे, आणि तेही बखरीतले नसून जमाखर्चाच्या वहीतले आहे. ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असूनही ज्याला घरी राहून शिकता येत नाही, असे मूल अनाथाश्रमात, वसतिगृहात वा आश्रमशाळेत राहून शाळा शिकले, तेव्हा त्याचा खर्च कोणाच्या नावे पडला, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न रुक्ष वाटेल. परंतु आपण सारे परमुलखात राहणारे लोक आहोत. आपल्या कित्येकांच्या घराण्यात असा एक पूर्वज असतोच, की जो गाव सोडून शिकायला म्हणून पुण्यास, कोल्हापुरास वा बडोद्यास गेला, कोणाच्या तरी ओसरीवर झोपला, आणि पुढे त्याच्या शिक्षणाच्या बळावर आपले कुटुंब या शहरापर्यंत येऊन पोहोचले. त्या ओसरीचे भाडे आणि त्या ताटातील भाकरी कोणी दिली होती, हे विचारणे म्हणजे आपलीच कुळकथा विचारणे होय.

वार आणि माधुकरी

सरकार या व्यवहारात नव्हते, त्या काळी समाजाने आपली एक रीत घालून दिली होती. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत असे. ज्याला वार मिळत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. पुण्यात हा प्रघात विसाव्या शतकातही चालू होता. १९०९ साली पुण्यास स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुले आरंभीच्या काळात माधुकरीवरच शिकली. हीच संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह या नावाने प्रसिद्धीस आली.

या प्रथेविषयी आपण कृतज्ञ असावे, परंतु तिची मर्यादाही विसरू नये. वार ब्राह्मण मुलाला मिळत. कुणब्याच्या, धनगराच्या, महार-मांगाच्या मुलाला पुण्यातील कोणते घर पाट मांडून जेवायला बसवणार होते? दानाची व्यवस्था ज्याच्या-त्याच्या जातीच्या उंबरठ्यावर थांबत होती. शिवाय दान देणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

सरकारने काय देऊ केले

सरकारी पैशाचा प्रवेश १८५४ च्या वुडच्या खलित्याने झाला. खाजगी संस्थांनी शाळा काढाव्यात, सरकारी तपासणी मान्य करावी आणि त्याबद्दल सरकारने अनुदान द्यावे, हे तत्त्व त्या खलित्यात मांडले गेले. १८५५ साली मुंबई इलाख्यात विद्याखाते सुरू झाले. आजही आपण 'अनुदानित शाळा' हा शब्द वापरतो, त्याचा उगम तेथे आहे.

मात्र या खलित्यात एक अट होती. अनुदान घेणाऱ्या शाळेने विद्यार्थ्याकडून थोडीतरी फी घेतलीच पाहिजे, असे सर्वसाधारण धोरण त्यात सांगितले होते. फुकट मिळालेल्या गोष्टीची माणसाला किंमत राहत नाही, हा त्यामागचा विचार. ज्याच्या अंगावर धड सदरा नाही त्या मुलाने फी कोठून द्यावी, हा प्रश्न लंडनमध्ये बसून सुचण्यासारखा नव्हता.

पुढे १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याने 'निकालावर अनुदान' ही पद्धत स्वीकारली. तपासनीस शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई, आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेच्या पदरात रक्कम पडे. घरी अभ्यास घेणारे वडीलधारे असलेल्या मुलांच्या शाळेला ही पद्धत मानवली. परंतु दहाव्या वर्षी प्रथमच पाटी हातात धरणारे, आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी असणारे पोरके मूल तपासनिसापुढे अडखळणारच. म्हणजे ज्या शाळेला अधिक कष्ट, तिला कमी पैसा. ही पद्धत पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ च्या ठरावानंतर मागे पडली.

येथे जोतीराव फुल्यांचे स्मरण करणे अवश्य आहे. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी याच हिशेबावर बोट ठेवले. पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि लाभ मात्र ज्यांना आधीच विद्या आहे त्यांना, ही त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी त्या वेळी केली. सरकारी शिक्षणाचा पैसा म्हणजे सरकारची कृपा नसून तो रयतेचाच पैसा आहे, हा विचार महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे मांडण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

दुष्काळाची लेकरे

पोरक्या मुलांचा प्रश्न एकदम उग्र झाला तो दुष्काळांनी. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून मुलांच्या अन्नाची सोय केली. त्याच सुमारास पंढरपुरात, जेथे टाकून दिलेल्या अर्भकांची समस्या फार जुनी होती, तेथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने बालहत्याप्रतिबंधक गृह व अनाथ बालकाश्रम उभे राहिले. प्रार्थना समाजाने ते पुढे चालविले.

१८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पन्याचा दुष्काळ म्हणत, हे दोन दुष्काळ त्याहून भयंकर होते. पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावी मुक्तिसदन वसले. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने अनाथ मुलांचा मोठा भार उचलला.

दुष्काळाच्या काळात सरकारी दुष्काळ-निवारणाच्या नियमांप्रमाणे अनाथ मुलाला अन्न मिळे. परंतु पाऊस पडला, पीक आले, की दुष्काळ कागदोपत्री संपे, आणि सरकारची जबाबदारीही संपत असे. मग ते मूल नातेवाइकांच्या, आणि नातेवाईक नसल्यास एखाद्या अनाथालयाच्या स्वाधीन केले जाई. मुलाचे पोरकेपण मात्र पावसाने संपत नव्हते. पुढची दहा-बारा वर्षे त्याला वाढवायचे आणि शिकवायचे, तो खर्च परोपकारी माणसांवर आणि परदेशातून येणाऱ्या वर्गणीवर पडला. रमाबाईंच्या कार्यामागे अमेरिकेतील देणगीदार होते. त्यांच्यावर धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. तथापि एक गोष्ट नमूद करावीशी वाटते : जो भाकरी देतो तो शिक्षणाची दिशाही ठरवतो, ही भीती ज्यांना वाटली त्यांनी स्वतःच्या खिशात हात घालणे हाच तिच्यावरचा खरा उपाय होता. तो अण्णासाहेब कर्व्यांनी केला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० साली हिंगण्याच्या माळावरील झोपडीत आश्रम नेला. विधवांच्या शिक्षणासाठी ते गावोगाव वर्गणी मागत हिंडले.

एक विचित्र न्याय

याच काळातील एक विसंगती वाचकांच्या नजरेस आणून देणे मला आवश्यक वाटते. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या औदार्याने बालगुन्हेगारांसाठी एक सुधारगृह निघाले. १८७६ मध्ये, आणि नंतर १८९७ मध्ये, रिफॉर्मेटरी शाळांचे कायदे झाले. त्यांनुसार अपराधी ठरलेल्या मुलाला सुधारशाळेत ठेवता येई, आणि तेथे त्याच्या अन्नवस्त्राचा, निवाऱ्याचा व शिक्षणाचा भार सरकार वाही. येरवड्यासही अशी शाळा होती.

याचा अर्थ काय झाला? बाजारात भाकरी चोरून पकडला गेलेला मुलगा सरकारी खर्चाने जेवू आणि शिकू लागला. ज्याने भूक सोसली पण चोरी केली नाही, त्याला मात्र धर्मादायाच्या दारी उभे राहावे लागले. छप्पर, अन्न आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्याशिवाय निराधार मूल शिकू शकत नाही, हे सरकारला कळत नव्हते असे म्हणता येत नाही. तुरुंगाच्या खात्यात ते कळत होते; विद्याखात्यात कळायला फार वर्षे लागली.

१९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्याने ही विसंगती काही अंशी दूर केली. निराधार, निष्काळजीपणे सोडलेल्या मुलालाही न्यायालयाकरवी मान्यताप्राप्त संस्थेत पाठवण्याची तरतूद त्यात झाली. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीच्या बालगृहाचे काम तिच्याकडे आले. आता अपराध न करताही सरकारी अनुदानाला पात्र होता येत होते. मात्र त्यासाठी अजूनही न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत होत्या.

दोन संस्थाने : बडोदे आणि कोल्हापूर

ब्रिटिश मुलखात जे घडत नव्हते ते दोन मराठी राजांनी आपापल्या संस्थानांत करून दाखवले. आपल्यापैकी ज्यांचे आप्त बडोद्यास आहेत त्यांना सयाजीराव महाराजांची थोरवी सांगण्याची गरज नाही. महाराजांनी राज्यकारभाराच्या आरंभीच, १८८२-८३ च्या सुमारास, अंत्यज मुलांसाठी शाळा काढल्या. १८८५ च्या सुमारास सोनगडच्या रानी भागात वन्य जमातींच्या मुलांसाठी दरबारच्या खर्चाने वसतिगृह-शाळा सुरू झाली. १८९३ मध्ये अमरेली भागात, आणि १९०६ पासून सर्व राज्यात, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी आणले. सोनगडचा प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. रानातील वस्त्या इतक्या विरळ, की प्रत्येक पाड्यावर शाळा काढणे अशक्य. म्हणून शाळा मुलापर्यंत नेण्याऐवजी मुलाला शाळेपाशी आणून ठेवावयाचे, आणि त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च शिक्षणाचाच खर्च मानावयाचा. आजच्या आश्रमशाळेची मूळ कल्पना हीच आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी दुसरी वाट चोखाळली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. वसतिगृहासाठी दरबाराने जागा, इमारती व वार्षिक नेमणुका दिल्या, आणि कारभार त्या त्या समाजातील मंडळींच्या हाती ठेवला. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहांनी जातिभेद वाढला नाही का, असा आक्षेप कित्येकदा घेतला जातो. आक्षेपात तथ्य असेलही. परंतु एका पंक्तीला बसण्यास समाज तयार नसताना मुलांना उपाशी ठेवून समतेची वाट पाहणे महाराजांना मान्य नव्हते. १९०२ च्या राखीव जागांच्या हुकुमाला अर्थ यावा, तर त्या जागांवर बसणारी शिकलेली मुले आधी तयार व्हावी लागतात, आणि ती तयार होण्यासाठी शहरात त्यांना राहण्याखाण्याची जागा लागते, हा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

मुंबईत विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. तिनेही शाळांबरोबर वसतिगृहे काढली. शाळा आणि वसतिगृह हे एकाच कामाचे दोन हात आहेत, हे तोपर्यंत सर्वच कार्यकर्त्यांना अनुभवाने उमजले होते.

सातारा आणि सोलापूर

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात काही काळ राहिलेल्या एका तरुणाने हा अनुभव खेड्यापाड्यांत नेला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. ज्या गोष्टीसाठी कोल्हापुरात वेगवेगळी घरे बांधावी लागली, ती एका छपराखाली घडवून भाऊरावांनी वरील आक्षेपाला कृतीने उत्तर दिले.

या वसतिगृहाचा जमाखर्च पाहावा, तर जमेच्या बाजूला मुठीमुठीने गोळा केलेले धान्य आहे, गावोगावच्या वर्गण्या आहेत, आणि लक्ष्मीबाईंचे दागिने आहेत. मुलांना खायला धान्य नाही म्हणून त्या माउलीने गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले, ही हकीकत महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आपण ती ऐकून गहिवरतो. परंतु गहिवर ओसरल्यावर मनात एक प्रश्न उरला पाहिजे. ज्या रयतेकडून शिक्षणासाठी लोकल फंड वसूल केला जात होता, तिच्या मुलांच्या भाकरीसाठी एका स्त्रीला मंगळसूत्र का मोडावे लागले?

भाऊरावांनी यावर आपल्या परीने तोड काढली ती स्वावलंबनाची. मुलांनी शेतात, बागेत, बांधकामावर राबावे आणि शिकावे. १९४० साली साताऱ्यास निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हे या तत्त्वावर चाललेले मोफत व निवासी हायस्कूल होते. सरकारी अनुदान त्यांनी घेतले, परंतु त्यावर विसंबून राहिले नाहीत. आणि ते शहाणपणाचे ठरले. कारण १९४८ साली सरकारविषयीच्या त्यांच्या परखड बोलण्यामुळे संस्थेचे अनुदान रोखले गेले. रयतेने वर्गण्या देऊन संस्था तगवली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

सोलापुरात हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निराळ्या बाजूने हाताळला. १९२४ च्या जुलैत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि सोलापूर नगरपालिकेकडून त्यास दरमहा ४० रुपये साहाय्य मिळवले. रक्कम लहान होती, पण तिचा अर्थ मोठा होता. नगरपालिकेचा पैसा अस्पृश्यांच्याही करातून जमा झालेला होता. तो त्यांच्या मुलांच्या वसतिगृहाकडे वळणे हा उपकार नव्हता. १९२८ मध्ये मुंबई सरकारने दलित विद्यार्थ्यांच्या पाच वसतिगृहांसाठी वार्षिक ९,००० रुपयांचे अनुदान मंजूर केले आणि ती बाबासाहेबांच्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. रक्कम पुरेना, तेव्हा त्यांना इतर दात्यांकडेही जावे लागले. त्याच वर्षी नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर भर दिलेला आढळतो. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. या शिष्यवृत्तीत फीबरोबर निर्वाहभत्ताही मिळतो, आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो अधिक दराने मिळतो. पाटी आणि भाकरी एकाच आदेशात आली, याचे हे मोठे उदाहरण होय.

आश्रमशाळा

स्वातंत्र्यानंतर १९५३-५४ च्या सुमारास त्या वेळच्या मुंबई राज्यात आदिवासी मुलांसाठी अनुदानित आश्रमशाळांची योजना सुरू झाली. तिच्यामागे ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोद येथे स्थापन केलेल्या भिल्ल सेवा मंडळाचा, तसेच बाळासाहेब खेरांच्या आदिवासी सेवा मंडळाचा अनुभव होता. १९७२-७३ पासून महाराष्ट्र शासनाने स्वतःच्या आश्रमशाळाही मोठ्या प्रमाणावर काढल्या. आज शासकीय व अनुदानित मिळून अशा शाळा हजाराच्या घरात आहेत. सोनगडला जे एका राजाने केले ते एका लोकशाही राज्याने शेकडो ठिकाणी केले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु या व्यवस्थेत एक जुनी फट राहून गेली. सर्वसाधारण शाळा शिक्षण खात्याकडे, आदिवासींच्या आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे, आणि अनाथ मुलांची बालगृहे महिला व बाल विकास खात्याकडे अशी वाटणी झाली. बालगृहातील मूल शेजारच्या नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. त्याच्या शिक्षकाचा पगार एका खात्यातून निघतो, त्याचे जेवण दुसऱ्या खात्याच्या दरडोई अनुदानातून निघते. पगार नियमित होतो आणि दर काही वर्षांनी वेतन आयोगाने वाढतोही; दरडोई अनुदान मात्र वर्षानुवर्षे एका आकड्यावर थांबून राहते, आणि बाजारातील तूरडाळीचा भाव थांबत नाही. केंद्राच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत २००९ साली मुलामागे दरमहा ७५० रुपये निर्वाहासाठी धरले होते. २०२२ च्या मिशन वात्सल्यच्या नियमांत ते ३,००० झाले. या रकमेत पुस्तके, कपडे, औषध, शिकवणी आणि आजारपणातली रात्रभराची सोबत काय काय बसते, याचा हिशेब आपल्या घरातील गृहिणींनी करून पाहावा.

भाकरीचा हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतील भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात रोख रक्कम जमा करण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. खाणावळ बंद आणि पैसे उशिरा, असे झाल्यास महिन्याच्या मध्यावर उपाशी राहावे लागेल, ही त्यांची धास्ती होती. त्याआधी २०१६ साली आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी समिती नेमण्याची वेळ आली होती. सर्पदंश, ताप, वेळेवर न मिळालेला वैद्य, जमिनीवर झोपलेली मुले, हे सारे ऐकताना मान खाली जाते. इमारत बांधली आणि शिक्षक नेमला, म्हणजे निवासी शाळा झाली असे नव्हे. रात्री मुलाच्या कपाळावर हात ठेवणारे माणूस हाही तिच्या खर्चाचा भाग आहे. म्हणूनच मुलाला संस्थेत ठेवण्याऐवजी नातेवाइकाच्या वा दुसऱ्या कुटुंबाच्या घरीच सांभाळून त्या कुटुंबास साहाय्य देणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रात राबवली जाते, आणि शक्य तेथे तीच वाट बरी, असे जाणकार सांगतात.

हक्क आणि कागद

२००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारू नये, असे तो कायदा सांगतो. १८५४ मध्ये ज्या फीची अट घातली होती, ती जाऊन मोफत शिक्षणाची हमी येण्यास एकशे पंचावन्न वर्षे लागली.

आणि तरीही, ज्याला आडनाव सांगता येत नाही, वडिलांचे नाव ठाऊक नाही, जात माहीत नाही, अशा मुलाची कागदपत्रांच्या दारी अडवणूक होतच राहिली. शिष्यवृत्ती जातीच्या दाखल्यावर, सवलत उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि दाखला बापाच्या कागदावर. ज्याला बापच नाही तो सर्वांत गरीब असूनही कोणत्याच रकान्यात बसत नव्हता. महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का जागा राखून ठेवल्या, तेव्हा 'अनाथ' या शब्दाला शासनदरबारी प्रथमच स्वतःचा रकाना मिळाला. मात्र अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाचे दार मिटते. पुढे अनुरक्षणगृहात राहण्याची सोय कायद्यात आहे, परंतु अशी गृहे थोडी आहेत. आपली मुले अठराव्या वर्षी महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गात असतात आणि त्यांचा कपडालत्ता, फी, खाणे सर्व आपल्याकडेच असते, हे मनात आणले म्हणजे या नियमाची धार जाणवते.

समारोप

वाचकहो, या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या हिशेबातून मला जे दिसले ते थोडक्यात मांडतो. शाळेसाठी पैसा देण्याचे कर्तव्य सरकारने लवकर मान्य केले; शाळेत येणाऱ्या मुलाच्या पोटासाठी व निवाऱ्यासाठी पैसा देणे मात्र त्याला दीर्घकाळ दया वाटत राहिले. ज्यांना घर आहे त्यांना हा भेद जाणवत नाही, कारण त्यांची भाकरी घरीच शिजते. ज्यांना घर नाही त्यांच्या बाबतीत भाकरी हाच शिक्षणाचा पहिला धडा आहे. फुले, सयाजीराव, शाहू, शिंदे, भाऊराव, आंबेडकर यांच्या वाटा भिन्न होत्या, परस्परांशी मतभेदही होते; परंतु हे दोन खर्च वेगळे करता येत नाहीत, यावर त्या सर्वांचे एकमत त्यांच्या कृतीतून दिसते.

दानाला यात जागा नाही, असे मी म्हणणार नाही. दानाने आरंभ होतो. वार लावून जेवू घालणाऱ्या अनामिक गृहिणींपासून लक्ष्मीबाईंपर्यंतची परंपरा आपण नाकारू शकत नाही. परंतु आरंभ दानाने झाला तरी मुलाचे पुढचे जेवण कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये. त्यासाठी सार्वजनिक पैसा हवा, आणि तो वेळेवर, पुरेसा व मान राखून मिळाला पाहिजे.

आपले मंडळ महाराष्ट्रापासून दूर असले, तरी अशी मुले या शहरातही आहेत. त्यांची भाषा कदाचित वेगळी असेल. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नाटके होतील, सत्कार होतील, आणि ते व्हावेतच. त्याबरोबर जवळच्या एखाद्या बालगृहातील अठरा वर्षे पुरी करणाऱ्या दोन-चार मुलांना पदवी मिळेपर्यंत राहण्याजेवण्याची सोय आणि कागदपत्रांसाठी खेटे घालणारे एखादे निवृत्त, जाणते माणूस मंडळाने द्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. निवृत्त झालेले, कचेरीची भाषा ठाऊक असलेले सभासद आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणीतरी एक वार दिला होता. त्या घराचा पत्ता आज आपल्याला ठाऊक नाही; परतफेड करावयाची तर ती अशा दुसऱ्या मुलाच्याच ताटात करावी लागेल.